कोपऱ्यात उरलेली निरगुडी

मित्रांनो, पवनीजवळ वैनगंगेच्या काठावर पपईची एक बाग आहे. तिच्या कोपऱ्यात उभी असलेली मी एक जुनी निरगुडी. अठरा वर्षांपूर्वी पंचफुलाबाईंनी बागेच्या पश्चिमेला आम्हा निरगुडीच्या काड्यांची रांग रोवली. नदीवरून उघडा वारा येई. आम्ही तो अडवत नव्हतो, पानापानांतून गाळून आत सोडत होतो. बाई म्हणायच्या, "ह्या हायेत म्हणून पपई उभी हाये." ते ऐकून आम्ही सुखावायचो.

गेल्या फाल्गुनात बाई लेकीकडे लाखांदूरला गेल्या. दुसऱ्याच सकाळी त्यांचे यजमान यादोराव कुऱ्हाड घेऊन आले. दुपारपर्यंत माझी सारी भावंडे भुईवर आडवी झाली. मला काही सुचेना. आदल्याच दिवशी ह्या माणसाने आमच्या सावलीत बसून शिदोरी सोडली होती. आमच्या जागी टिनांचे, म्हणजे लोखंडी पत्र्यांचे, उंच कुंपण उभे राहिले. कोपऱ्यात टिना कमी पडल्या, म्हणून मी तेवढी वाचले.

बाई परतल्या आणि बांधावरच थबकल्या.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

"कचरा काढला. आता कसं साफ दिसून राहिलं."

"मले पुसाचं तरी होतं," एवढेच बाई म्हणाल्या.

वैशाखातल्या एका दुपारी वादळ आले. वारा टिनांवर आदळला, वर उसळला आणि दुप्पट जोराने बागेत कोसळला. फळांनी लगडलेली झाडे मधोमध मोडली. एक टिन उखडली आणि यादोराव नुकतेच ज्या बाजेवरून उठले होते तिच्यावर येऊन पडली. बाज तुटली. यादोराव तिच्याकडे नुसते पाहत राहिले. बाईंनी त्यांना हात धरून खाली बसवले.

आषाढात ते कोयता घेऊन माझ्याकडे आले. आता माझी पाळी, असे मला वाटले. पण त्यांनी मागे वळून विचारले, "कुठून कापू?"

"जुन्या फांद्या घ्या. तिले पुरी नोका तोडू," बाई म्हणाल्या.

टिना काढलेल्या जागी माझ्या हातभर काड्या दोन ओळींत तिरप्या खोचल्या गेल्या. बुडाशी भाताच्या पेंढ्याची तणीस पसरली. काही वाळल्या, बऱ्याच जगल्या. पण त्या अजून गुडघ्याएवढ्याच आहेत. वारा त्यांच्यावरून सरळ आत जातो, म्हणून यंदा बाईंनी पपई लावलीच नाही.

मित्रांनो, आम्हाला तोडायला एक सकाळ पुरली. वाढायला किती वर्षे लागतील, ते मोजा. हत्यार उचलण्याआधी झाड काय काम करते, एवढे तरी पाहत जा. यादोराव आता त्या काड्यांमधले गवत उकिडवे बसून हातानेच उपटतात. विळा ते बांधावर ठेवून येतात.