कानातला मोती

शिमग्याची पालखी खालच्या आळीत आली होती. ढोल घुमत होता, आणि गंगाराम ओटीवर, हातात नारळ घेऊन, भिंतीकडे बघत उभा होता.

सकाळीच तो मुंबईहून उतरला. घर सारवलेलं, दारात रांगोळी, आणि भिंतीवर बायकोनं, ज्ञानेश्वरीनं, कागदावर रंगवलेलं हे चित्र. बाप्याचं तोंड, पण फुटक्या कौलासारखं. कपाळ एकीकडे, डोळा भलतीकडे. एका गालावर गुलाल. कोपऱ्यात पाठमोरा खांदा, त्याला बॅग. मधोमध नुसता कोरा कागद.

गंगारामची नजर कानावर अडकली होती. कानात पांढरा मोती.

वाडीत भिकबाळी घालणारा एकच, चित्रकलेचा मास्तर विनीत. ज्ञानेश्वरीला रंग त्यानंच आणून दिलेले.

"कोण हा?"

"बघा. ओळखा," ती पूजेचं ताट लावत म्हणाली.

"कोडी नको घालूस. मास्तर ना?"

तिचा हात कुंकवाच्या करंड्यावर थांबला. "मास्तरांचं तोंड मी कशाला काढू?"

"मग मोती कोणाचा?"

तिनं करंडा ताटात ठेवला. ढोल वळणावर आला.

"पालखी दारात आली की ह्या नारळावर हात ठेवायचास," तो हळू आवाजात म्हणाला. "हा कोण ते देवीसमोर सांगायचंस. वाडीच्या देखत. नायतर उद्याच्या एस्टीनं म्हायेरी."

"ठेवीन की. पण मी सांगितल्यावर तुमी मान खाली घालायची नाय."

इतकी निवांत कशी ही?

तेवढ्यात फोनवर व्हिडिओ कॉल वाजला. मुंबईहून केरू, खोलीवरचा सोबती. त्याला रजा मिळाली नव्हती. "गंग्या, पालखी दाखव रे. माजा नमस्कार घाल देवीआईला."

ढोलात काही ऐकू येईना. गंगारामनं सवयीनं खिशातलं इअरफोनचं पांढरं बोंडुक काढून कानात घातलं आणि फोन समोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यात तो स्वतः दिसला. अर्धं कपाळ. एक डोळा. कानात पांढरा ठिपका.

रेंज गेली. पडद्यावरचं केरूचं तोंड तुकड्यातुकड्यांत थिजलं.

त्यानं भिंतीकडे पाहिलं. रोज रात्री फोनवर बायकोला तो असाच दिसायचा. गुलालाचा गाल मागच्या शिमग्याचा. खांद्यावरची बॅग एस्टीत चढतानाची.

पालखी अंगणात नाचत आली. मानकरी आप्पा पुढे होऊन ओटीपाशी थांबले. ज्ञानेश्वरीनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या हातातल्या नारळावर तळवा ठेवला.

"सांगू?"

ढोलवाले थांबले होते. आप्पांनी भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हा कोण रे, गंगाराम? आमच्यातला हाय काय?"

मागून कोणीतरी हसलं. गंगारामनं कानातलं बोंडुक काढलं.

"मी, आप्पा."

"तू? मग मधला कोरा कशाला ठेवलान?"

गंगारामनं बायकोकडे बघितलं. तिचा हात नारळावरून हलला नव्हता.

"तेवढं अजून घरी यायचंय," ती म्हणाली.