काळिंगाचा घास

लग्नाचं पहिलं आमंत्रण नागाला द्यायचं, मग गावाला. जलजाक्षीच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून रविवारच्या लग्नासाठी बुधवारी सकाळी ती आणि तिचा धाकटा भाऊ कांतप्पा पोफळीच्या बागेतून खाली उतरले. त्याच्या हातात शहाळं आणि पोफळीचा तुरा, तिच्या हातात हळदीच्या पाण्याचा तांब्या. बागेच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, नागबन होतं. जुनी झाडं, त्यांना लटकलेल्या वेली आणि मधोमध जांभ्याच्या चौथऱ्यावर नागाचे दगड. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे.

कांतप्पाचं तोंड वाटभर चालू होतं. "अक्का, तुझी विहीणबाई म्हणजे कमाल आहे. काल मासळीबाजारात गाठलं मला. 'मुलीचा सर्पदोष नक्की गेला ना?' कोळणीसमोर विचारते!"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, केव्हाच गेला. बांगडे घ्या, ताजे आहेत."

जलजाक्षी हसली, पण तेवढ्यापुरतीच. लेकीची, प्रफुल्लाची पत्रिका दाखवायची आणि माणसं चहा अर्धा ठेवून उठायची, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं की दारात चपला वाजल्या तरी तिला धडकी भरे. मुलीच्या केसात पांढरं दिसायला लागलं, तेव्हा कुठे हा सुधाकर मिळाला. मुलगा सोन्यासारखा, पण मस्कतला नोकरीला. आठवड्यात रजा संपणार, पुढची रजा दोन वर्षांनी. आणि त्याच्या आईचा जीव त्या सर्पदोषात असा अडकलेला, की एवढंसं निमित्त मिळालं तरी ती बाई लग्न मोडायला मागेपुढे पाहणार नाही. रविवार काय तो हातचा होता.

कांतप्पाने चौथऱ्यावर शहाळं ठेवलं, तुरा वाहिला. जलजाक्षीने डोळे मिटले. "प्रफुल्लाचं लग्न आहे, बाबा. घरचा मोठा म्हणून ये, उभा राहा, आणि पार पाड."

डोळे उघडले तर चौथऱ्यामागून नाग येत होता.

दगडाचा नव्हे, खरा. गव्हाळ रंगाचा. या नागाची कात दर वर्षी बनात सापडायची. तो स्वतः मात्र तिला उभ्या जन्मात दोनदाच दिसला होता.

"अक्का!" कांतप्पाचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "आला गं! आमंत्रण घ्यायला आला! आता त्या बाईला म्हणावं, विचार सर्पदोष!"

जलजाक्षीने हात जोडले.  पण नागाची चाल तिला काही बरी दिसेना. तो येत नव्हता, पळत होता. दर्शन द्यायला निघालेला देव असा पळत नाही.

मग वेली हलल्या आणि मागून दुसरं काहीतरी आलं. येतच राहिलं. डोकं चौथऱ्यापाशी पोचलं तरी शेपूट वेलींतून बाहेर निघायची होती.

"काळिंग," कांतप्पा पुटपुटला.

काळिंग म्हणजे नागराज, नागांच्या कुळात सगळ्यांचा राजा. त्यालाही याच बनात हात जोडायचे, त्याच्याही नावाने दूध घालायचं. तो काय खातो हे जलजाक्षीने आयुष्यात कधी मनात आणलं नव्हतं. देव काय खातो, असं कोण विचारतं?

नाग वळला. त्याने फणा काढला. काळिंगही उठला, थेट जलजाक्षीच्या कमरेएवढा, आणि कुत्रा गुरगुरावा तसा आवाज त्याने काढला. नागाचा फणा जागीच मिटला. तो खाली पडला आणि सरळ जलजाक्षीकडे धावला. तिच्या पायाच्या बोटांना त्याचं गार अंग लागलं. तिला हलता आलं नाही. तो चावेल असं क्षणभरही वाटलं नाही तिला. त्या घाबरलेल्या जिवाला आडोसा हवा होता आणि तिथे तिच्या पायांशिवाय दुसरं काही नव्हतं.

काळिंगाने त्याला तिथेच धरला. मानेमागे. नागाने त्याच्या अंगाला वेढे घातले, पिळले, सोडले, पुन्हा घातले. वाळक्या पानांत दोघं लोळत होते. काळिंग मात्र जबडा सोडेना. सावकाश, पानाचा विडा चघळावा तसा, तो नागाला चघळत होता. नागाची शेपटी थरथरत राहिली. मग काळिंगाने पकड पुढे सरकवली आणि नागाचं डोकं तोंडात घेतलं.

"अरे, खातोय त्याला!" जलजाक्षी किंचाळली. "कांता, आपल्या नागाला खातोय तो! सोड! सोड म्हणते ना!"

हातातला तांब्या तिने भिरकावला. तो काळिंगाच्या शेजारी दगडावर ठणकन आपटला, हळदीचं पाणी त्याच्या अंगावर उडालं. काळिंगाने मान झटकली, तोंडातला नाग बाहेर टाकला आणि मागे सरून वेलींच्या आत उभा राहिला.

नाग पानांवर पडला होता. पोट वर, तोंड उघडं. तो मेला होता.

 मग कांतप्पा डोकं धरून खाली बसला.

"काय केलंस गं हे, अक्का!"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मेलेला नाग दृष्टीस पडला की तो आपला. त्याला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळायचं, भटजींना बोलवायचं, चंदन घालून माणसासारखा जाळायचा. घरात सुतक धरायचं. सुतकात कसलं लग्न आणि कसला रविवार! आणि विहिणीच्या कानावर गेलं, की आमंत्रणालाच नाग मेला, तर ती पुढच्या रजेची वाटदेखील पाहणार नाही. काळिंग गिळून गेला असता तर मागे काही उरलंच नसतं. तिने वाचवायला हात उचलला आणि मुलीच्या मांडवात प्रेत आणून टाकलं.

"मी वाचवत होते रे," ती म्हणाली. "तो माझ्या पायाशी आला होता."

"काळिंग अजून तिथेच आहे," कांतप्पा हळूच म्हणाला. त्याची नजर वेलींवर होती. "भुकेला आहे. आपण मागे सरू. नाग नागाच्या पोटात गेला, तर तो मेला कुठे? घरातलं घरात."

"लाज नाही वाटत बोलायला?"

"वाटते. तू प्रफुल्लाला सांग जाऊन, मग माझी लाज काढ."

जलजाक्षीला मुलीचा चेहरा दिसला. चहाचे अर्धे कप उचलून नेतानाचा. ती मागे सरली. दोघं बांधावर येऊन उकिडवी बसली.

काळिंग बराच वेळ हलला नाही. जीभ तेवढी आतबाहेर करत होता. वर घराकडून मांडवाचे बांबू ठोकल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाने तो निघून जातो की काय, या भीतीने जलजाक्षी पुढे झुकली. आपण काय बोलतोय हे तिला नंतर ऐकू आलं.

"खा," ती म्हणत होती. "खा रे बाबा. खा लवकर."

तो आला. त्याने डोकं शोधलं, तोंडात धरलं आणि गिळायला लागला. या खेपेला तिने मान वळवली नाही. फणा गेला, मान गेली. थोडं थोडं करत सगळा नाग आत गेला. शेवटी शेपटीचं टोक गेलं, तेव्हा तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिला चक्क आनंद झाला, आणि त्या आनंदाने ती इतकी हादरली की तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

"सुटलो," कांतप्पाने हात जोडले. "चल. कुणाला काही बोलायचं नाही. सुतक नाही, बितक नाही."

"तुला नसेल."

ती घराकडे न जाता ओढ्यात उतरली. नेसत्या लुगड्यानिशी तिने डोक्यावरून पाणी घेतलं, मसणातून आल्यावर घेतात तसं.

अंगणात प्रफुल्ला बायकांमध्ये बसून हळद कालवत होती. ओलीचिंब आई पाहून ती धावत आली. हात पिवळे, चेहऱ्यावर हसू.

"अगं अम्मा, पडलीस की काय ओढ्यात? ये, आधी तुलाच लावते हळद!"

जलजाक्षी मागे सरली.

"शिवू नकोस मला," ती म्हणाली. "रविवार उलटेपर्यंत कुणी शिवू नका. अक्षता मामाच्या हातून घे."