एक, तीन, चार, दोन

एक लांब पेचकस. त्याच्या पिवळ्या मुठीवर दातांचे व्रण.

नागपंचमीच्या लाह्या. ज्वारीच्या. पत्र्याच्या डब्यात फुटताना.

छत्तीस दातांचं लोखंडी चाक. त्यातला एक दात मुद्दाम काढून टाकलेला.

डोक्याला बोराएवढं भोक पडलेला पिस्टन. देवाच्या तसबिरीपुढे ठेवलेला, भोकात उदबत्ती.

जीपमध्ये चार माणसं. कुणीच बोलत नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी एक, दोन, तीन, चार अशी पडत नाही. एक, तीन, चार, दोन अशी पडते. इथंही तोच क्रम आहे.

१

उद्धवराव मिस्त्रींचं गॅरेज आदिलाबादमध्ये, गुडीहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. किनवटपासून वांकिडीपर्यंतच्या जुन्या पेट्रोल गाड्या तिथं यायच्या, कारण मिस्त्री ठिणगीची वेळ कानानं लावायचे. इंजिनाच्या कडेला काळ्या टोपीचा एक डबा उभा असतो, डिस्ट्रिब्युटर. कुठल्या सिलिंडरला ठिणगी कधी द्यायची, हे तो ठरवतो. मिस्त्री त्याचा नट सैल करायचे, दोन बोटांनी डबा केसभर फिरवायचे, आणि गाडीत बसून इचोड्याच्या पुढच्या चढावर जायचे. ठिणगी जरा लवकर पडत असली की भरल्या गाडीला चढावर टिकटिक येते. फार लवकर पडली तर पिस्टन जळतो, त्याच्या डोक्याला भोक पडतं.

त्या चढावर गाडीत कुणी बोलायचं नाही, असा रिवाज पडला होता. मिस्त्रींनी तो कधी सांगितला नव्हता. एकदा एका नवरदेवानं शिंक आली म्हणून तोंडात दुपट्टा कोंबला होता.

दोन वर्षांपासून उद्धवरावांना ती टिकटिक ऐकू येत नव्हती. आधी फळीवरच्या फोनची घंटी गेली. मग कोकिळा. मग टिकटिक. कुणाला सांगितलं नाही. गॅरेजमध्ये कुणी नसताना ते पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ दातात धरायचे. मग इंजिन जबड्यातून वर यायचं, अगदी स्पष्ट. पण चढावर बॉनेट बंद असतं, आणि दात कुठं लावणार? तिथं ते गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचे.

मागच्या वर्षी तो अंदाज चुकला. बाजारहत्नूरचे मारोतराव वांगी-टमाटे पिकवतात आणि आपल्या जुन्या पेट्रोल जीपमधून आदिलाबादला आणतात. त्या जीपचा पिस्टन जळाला. "पेट्रोल खराब होतं," असं उद्धवराव म्हणाले. मारोतरावांनी मान हलवली होती.

या मे महिन्यात जीप पुन्हा आली. डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून डुगडुगत होता. नवा नागपूरलाही मिळाला नाही.

"हे काढूनच टाकू," उद्धवराव म्हणाले.

"काढून टाकलं तं ठिणगी कोन देईन?"

"कम्प्युटर."

"माह्या जीपले?" मारोतराव हसले. "तिले हॉर्न नाई लागत धड, अन् तुमी कम्प्युटर लावता."

"माही पोरगी उत्कर्षा लावून देते. पॉलिटेक्निकमंदी तेच शिकवते ते पोरांले."

"अन् तुमी?"

"मी पाहीन."

मारोतराव त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग भाजीबाजारात तेलुगूत 'ठीक आहे'ला म्हणतात तसं "सरे" म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

उद्धवरावांना एवढंच हवं होतं: कान न लावता गाडी बरी व्हावी आणि कुणाला काही कळू नये. मग बाकीच्या गाड्यांनाही हेच लावता आलं असतं. चाळीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं.

३

काम पाच दिवस चाललं. कॉलेजला सुट्ट्या होत्या. उत्कर्षा सकाळीच यायची आणि अकराच्या आत पत्रे तापून गॅरेजची भट्टी व्हायची.

दातांचं चाक इंजिनाच्या पुढच्या पुलीवर बसवलं. त्याच्यासमोर एक सेन्सर, मध्ये पातळ पट्टीएवढी फट. चाक फिरलं की सेन्सर दात मोजतो. जिथं दात नाही तिथं त्याला कळतं, एक नंबरचा पिस्टन कुठं आहे. तो हे कम्प्युटरच्या डब्याला सांगतो आणि डबा ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला. कॉइल भंगारातल्या एका लहान गाडीची होती. मध्ये फिरणारं, घासणारं काही उरलं नाही.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला सगळा पसारा काढला. बुड मात्र जागेवर ठेवावं लागलं, नाहीतर त्या भोकातून तेल उडतं. रिकामं बुड, वरून पत्र्याचं झाकण. आतला दांडा पूर्वीसारखाच फिरणार होता.

"बाबा, ह्या मुठीले काय झालं?" उत्कर्षानं पेचकस उचलून विचारलं.

"उंदीर."

"उंदराचे इतके मोठे दात?"

"गॅरेजचा उंदीर हाये. खाऊन-पिऊन."

ती हसली आणि पेचकस खाली ठेवला. उद्धवरावांनी तो संध्याकाळी फळीवर, मागे सरकवला.

पाचव्या दिवशी इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. उद्धवरावांनी ते पाहिलं. मडगार्डवर स्टीलचा पेला होता, त्यातलं पाणी बारीक थरथरलं आणि मग एकसारखं थरथरत राहिलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"झालं," ते म्हणाले.

"झालं कसं?" उत्कर्षा म्हणाली. "आता तं खरं काम. डब्यात मी जे आकडे भरले ना, ते दुसऱ्या इंजिनाचे हायेत. अंदाज हाये नुसता. चढावर तुमी आइका. टिकटिक आली की सांगा, मी ठिणगी मागं घेते."

"डब्याले नाई का आइकू येत?"

"काही डब्यांले येते. ह्याले नाई."

"मंग हा काऊन आनला?"

"तुमचे कान हायेत म्हनून," ती लॅपटॉपची वायर गुंडाळत म्हणाली. "नाई तं मी हो म्हटलंच नसतं."

पेल्यातलं पाणी थरथरतच होतं.

४

सकाळी नऊला चढाच्या पायथ्याशी मारोतरावांनी जीप थांबवली. मागे टमाट्याची भरलेली क्रेट्स होती, वजनासाठी. उद्धवराव पुढे, मारोतरावांच्या बाजूला. उत्कर्षा मागे, मांडीवर लॅपटॉप. क्रेट्स सांभाळायला मारोतरावांची सून मंजुषा आली होती. तिनं येताना फोन बंद केला.

जीप चढू लागली. तिसरा गियर, पाय पूर्ण दाबलेला. कुणी बोललं नाही.

उद्धवरावांनी मारोतरावांच्या तोंडाकडे पाहिलं. मारोतराव रस्त्याकडे बघत होते. कपाळावर घाम, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"आली का, बाबा?" उत्कर्षानं मागून ओरडून विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. मग एखाद्या महिन्यात पिस्टन जळाला असता. आली म्हणता आलं असतं. पुन्हा आली, पुन्हा आली, असं म्हणत ठिणगी इतकी मागं नेता आली असती की टिकटिक कधी आलीच नसती. मग जीप तापली असती, भरल्या क्रेट्सनिशी हा चढ तिला झाला नसता. पोरीनं केलं ते चांगलं नाही, असं लोक म्हणाले असते.

"गाडी थांबवा," ते म्हणाले.

सागाच्या तुटपुंज्या सावलीत जीप थांबली. इंजिन चालूच होतं. त्यांना ते बुडाखालच्या सीटमधून कळत होतं.

"माहे कान गेले," उद्धवराव म्हणाले. "दोन सालं झाले. मागच्या साली पेट्रोल खराब नव्हतं, मारोतराव. मले आइकू आलं नाई."

मारोतरावांनी दुपट्ट्यानं मान पुसली. मंजुषा एका क्रेटमधले टमाटे उगाच नीट लावायला लागली.

"तो पेचकस," उत्कर्षा म्हणाली.

"हो."

"उंदीर म्हने."

उद्धवराव खाली उतरले. "तू पुढं बस. आता तूच आइक."

"मले काय मालूम कसा आवाज असते! पुस्तकात वाचला फक्त."

"लाह्या फोडतो ना आपन, नागपंचमीले. झाकन लावलेल्या डब्यात. पह्यली लाही एकटीच फुटते, बारीक. तेवढी आइकाची. दुसरी आइकू आली तं समज उशीर झाला."

ते मागे बसले. मांडीवर लॅपटॉप घेतला. कुठला बाण दाबायचा ते तिनं दाखवलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून ठिणगी किती अंश आधी पडते ते आकडे मंजुषा वाचून दाखवणार होती, त्यांच्या कानाशी, मोठ्यानं.

पहिल्या चढाला उत्कर्षा नुसतीच बसून राहिली. दुसऱ्यालाही. "सगळाच आवाज येऊन राह्यला," ती वैतागून म्हणाली. उद्धवराव म्हणाले, "येऊ दे. बाकीचा सोडून द्याचा."

चौथ्या खेपेला, वळणाच्या जरा अलीकडे, तिचा हात वर झाला. त्याच क्षणी मारोतरावांचं एक बोटही स्टिअरिंगवरून उठलं. उद्धवरावांनी दोन्ही पाहिलं. मग बाण दाबला. दोनदा.

"अठ्ठावीस," मंजुषा ओरडली. "आता सव्वीस."

असे ते नऊ वेळा वर गेले आणि नऊ वेळा खाली आले. टमाटे मऊ पडले. नवव्या खेपेला उत्कर्षाचा हात मांडीवरून हलला नाही, बोटही उठलं नाही, आणि जीप वळण घेऊन वर निघाली. परतताना उद्धवराव क्रेटला डोकं टेकून झोपले. त्यांना कुणी उठवलं नाही.

२

मागच्या वर्षी पिस्टन जळाला त्या दिवशी मारोतरावांना टिकटिक गुडीहत्नूरपासून ऐकू येत होती. मिस्त्री बाजूला कान लावून बसले होते, म्हणून मारोतराव बोलले नाहीत.