आर्डिसच्या नावाचा ट्रे

मित्रांनो, आधी माझी पाठ बघा, म्हणजे मी कोणाचा ते कळेल. मी एक जुना काचेचा ट्रे आहे. चहाचे कप मिरवणारा नव्हे. चार बोटं खोल, ओव्हनच्या आचेत तासभर निमूट बसणारा. माझ्या पाठीवर कागदी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिलं आहे, 'आर्डिस'. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात प्रत्येक ट्रेच्या पाठीवर असं नाव असतं, कारण आमचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या घरी जातं.

कारखान्यात वाळू वितळवून मला घडवलं. मग एकदम गार न करता हळूहळू निववलं. घाई केली असती तर मी तेव्हाच तडकलो असतो. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

आर्डिसच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. तिच्या नवऱ्याच्या गोठ्यात चाळीस गाई होत्या. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, आणि मधल्या वेळात तीन मुलं. ती माझ्यात खिमा पसरायची, वर डबाबंद मश्रूमचं सूप ओतायची आणि गोठवलेल्या बटाट्याच्या लहान वड्यांच्या सरळ रांगा लावायची. पाऊण तासात जेवण तयार! आम्ही याला हॉटडिश म्हणतो. गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं, कोणाचा पाय मोडला, की मी निघालोच. चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर पंधरा ट्रे असायचे, पण सगळ्यांत आधी रिकामा मी व्हायचो. लोक म्हणायचे, "आर्डिस, वाईट नाही हं!" आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. एखादा पदार्थ आवडला नाही, तर म्हणतात, "वेगळं आहे." मला उभ्या जन्मात कोणी वेगळं म्हटलं नव्हतं, आणि याचा मला भारी गर्व होता.

आणखी एक रीत आहे. ट्रे परत करताना रिकामा द्यायचा नाही. चार अंडी, दोन काकड्या, काहीतरी घालायचं.

गेल्या फेब्रुवारीत आर्डिसच्या धाकट्या सुनेला, टेसाला, मुलगी झाली. नाव सोल्वेग. बर्फ खिडकीपर्यंत आलं होतं, तरी आर्डिस दर गुरुवारी मला टॉवेलात गुंडाळून तिच्याकडे नेऊ लागली. टेसाला झोप नाही, बसायला उसंत नाही. ती ओट्याशी उभी राहून, खांद्यावर बाळ घेऊन, माझ्यातूनच चमच्याने गार हॉटडिश खायची. मला बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी पोटाला आधार आहोत, असं वाटायचं.

पण एक गोष्ट आर्डिसला ठाऊक नव्हती. गरोदरपणी टेसाच्या रक्तात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, पण नर्सने बजावलं होतं, "आता गेलीय, पण तुझा पत्ता विसरलेली नाही. खाणं सांभाळ." टेसाच्या आईची नजर याच दुखण्याने गेली होती. दवाखान्यात तिने नातीचं नाक, हनुवटी, कानाच्या पाळ्या बोटांनी चाचपल्या आणि विचारलं होतं, "कोणासारखी दिसते गं?" त्या दिवशी टेसाने मनाशी ठरवलं, की आपल्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही.

ठरवणं सोपं असतं. तिने एका सकाळी अख्खं कपाट रिकामं केलं. पाकिटं, डबे, गोड बाटल्या, सगळं बाहेर. दुपारी राजमा शिजत घातला, तोही न भिजवता. तीन तासांनी तो खड्यांसारखाच होता. बाळ रडत होतं, टेसा रडत होती. शेवटी ती गाडीत जाऊन बसली आणि वेफर्सचं मोठं पाकीट एकटीने संपवून आली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'अगं, हळूहळू! एकदम केलं की काचसुद्धा तडकते!' पण ट्रेचं कोण ऐकतं?

तिचं तिलाच उमगलं. आधी फक्त न्याहारी बदलली. दुधात घालून खायच्या साखरेच्या रंगीत गोळ्यांऐवजी शिजवलेले ओट आणि एक अंडं. ते अंगवळणी पडल्यावर दुपारचं जेवण. राजमा आदल्या दिवशी भिजू लागला. टेसाच्या पायात थोडं बळ आलं.

गुरुवार मात्र चुकत नव्हता. आणि आमच्या गावात तोंडावर 'नको' म्हणण्याची कोणाची छाती नाही. टेसा हसून मला घ्यायची, नवरा घरी असला तर तो खायचा, उरलेलं ती कचऱ्यात टाकायची आणि मला घासूनपुसून अंड्यांसह परत पाठवायची. मला वाईट वाटायचं, मित्रांनो. माझ्यासाठी नव्हे, आर्डिसने लावलेल्या त्या सरळ रांगांसाठी.

एका गुरुवारी आर्डिस हातमोजा विसरली म्हणून परत आली. टेसा उलथन्याने मला कचऱ्याच्या डब्यात खरवडत होती. वाफसुद्धा गेली नव्हती. आर्डिसने पाहिलं. खुर्चीवरचा हातमोजा उचलला.

"हं," ती म्हणाली. "हे वेगळंच आहे."

आणि गेली. तीन गुरुवार आली नाही. मी फ्रिजच्या डोक्यावर पडून राहिलो. माझ्यात टपालाची पाकिटं साठली आणि बाळाचा एक हरवलेला मोजाही. टेसाचा नवरा म्हणाला, "सोड गं, आईचं असंच असतं." पण टेसा येता-जाता माझ्याकडे बघायची. खरं सांगतो, मीही तिच्यावर रुसलो होतो.

चौथ्या गुरुवारी तिने मला खाली काढलं. कोंबडी शिजवली, तळ्याकाठचा काळा तांदूळ शिजवला, ताजी मश्रूम चिरून परतली, कोबी आणि गाजरं घातली. दूध आणि मैद्याचा सॉस करून ओतला. मग बटाट्याचे तुकडे घेऊन वर रांगा लावल्या. आर्डिसच्या रांगांइतक्याच सरळ. एका काखेत सोल्वेग आणि हातात मी, अशी ती आर्डिसच्या दारात उभी राहिली.

"आत ये, पोरीला वारा लागेल," आर्डिस म्हणाली. तिची नजर माझ्यावर होती.

"खाऊन बघा ना थोडं."

"नको गं, आत्ताच जेवले."

"थोडंसंच."

"छे, पोट गच्च आहे."

"एक चमचा, आर्डिस."

"बरं बाई, तुझ्या आग्रहाखातर."

तिने चमचा उचलला आणि टेसाला रडू फुटलं. "मी तुमच्या हाताला नावं ठेवत नाही हो. माझ्या आईला सोल्वेगचा चेहरा दिसला नाही. बोटांनी बघितला तिने. मला सोल्वेगची पोरं डोळ्यांनी बघायचीत!" मग साखरेचं, नर्सचं, सगळं सांगितलं.

आर्डिसने विचारलं, "मला कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी कशी विचारणार? आपल्यात विचारतात होय?" तिने घास तोंडात घातला. "सॉसमध्ये गुठळ्या झाल्यात. मैदा आधी लोण्यात परतायचा, मग दूध थोडं थोडं घालायचं."

"तुम्हाला येतं हे?"

"म्हणजे काय! डबे यायच्या आधी माझी आई आम्हाला उपाशी ठेवायची वाटतं?" तिने सोल्वेगला मांडीवर घेतलं. "तो डबा माझ्या मदतीला धावून आला होता, टेसा. मला दोनच हात होते आणि गाई चाळीस."

"मलाही दोनच आहेत," टेसा म्हणाली.

 आर्डिसने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि ताटलीकडे बघत पुटपुटली, "वाईट नाही."

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा टॉवेलात निघालो, पण गार. माझ्यात चिरलेली गाजरं होती, बारीक कोबी होता, सोललेले कांदे होते आणि एका कोपऱ्यात वाटीभर भिजवलेला राजमा. "चिरत बसायला तुला वेळ कुठला?" आर्डिस म्हणाली आणि कॉफीलासुद्धा थांबली नाही. टेसा मला पोटाशी धरून ओट्याजवळ उभी राहिली. तेव्हापासून एकही गुरुवार चुकलेला नाही.

परवाच्या तपासणीत टेसाची साखर जागेवर होती. पुढचं मला सांगता येणार नाही, मी ट्रे आहे. सोल्वेग आता माझ्या काठाला लागलेला शिजवलेला भोपळा बोटाने चाटते.

मित्रांनो, मला तापलेला असताना गार पाण्यात बुडवू नका, एवढीच माझी स्वतःसाठी विनंती. दुसरी विनंती घरातल्या बाळंतिणीसाठी. तिने काय खावं हे सांगणारे ढीगभर असतात. तुम्ही तिच्यासाठी चार गाजरं चिरून न्या. माझ्या पाठीवर या वर्षी नवी चिकटपट्टी लागली, ती आर्डिसने स्वतः लावली. तिच्यावर आता दोन नावं आहेत.