दुसरं पाणी

मे महिना लागला की आमच्याकडे पाइनच्या रेताड रानात कोर्वासिएनी उगवतात. तपकिरी, मेंदूसारखी सुरकुतलेली अळंबी. कच्ची खाल्ली तर माणूस दगावतो. पण भरपूर पाण्यात दोनदा उकळायची, दोन्ही वेळचं पाणी फेकायचं आणि मग लोण्या-सायीत परतायची, की असं खाणं नाही. हे इथे फिनलंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निदान मला तसं वाटायचं, आणि तिथेच माझं चुकलं.

माझी नात वीवी पंधरा वर्षांची. तिचा अर्धा जीव फोनमध्ये. त्या रविवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात बरणीला टेकवून फोन उभा केला.

"आजोबा, तुम्ही रांधा, मी व्हिडिओ काढते. फक्त शिव्या घालू नका."

"अळंब्यांना की तुला?"

"दोघांनाही!"

वाफही विषारी, म्हणून मी खिडक्या उघडल्या. पहिलं पाणी उकळलं, ओतलं, अळंबी धुतली, दुसरं चढवलं. तेही ओतून झाल्यावर ऐटीत म्हणालो, "झालं! आता बिनधास्त खा."

संध्याकाळी तिने तयार व्हिडिओ दाखवला, चाळीस सेकंदांचा. त्यात पाणी एकदाच उकळत होतं, आणि लगेच माझा आवाज: "झालं! आता बिनधास्त खा."

"दुसरं पाणी कुठे गेलं गं?"

"कापलं. पहिल्यासारखंच तर दिसतं. लोक कंटाळून पुढे जातात, आजोबा."

"हं. असू दे, ते काय सगळ्यांनाच माहीत असतं." वर मी हेही म्हणालो की माझं नाक फार मोठं आलंय. आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

शाळेत या पोरांना खोटी माहिती ओळखायला शिकवतात. कोण सांगतंय, त्याला कसं माहीत, आणि त्याने काय गाळलंय, असे तीन प्रश्न. वीवीला त्यात दहापैकी दहा. पण खोटं नेहमी दुसरंच कुणीतरी पसरवतं, अशी आम्हा आजोबा-नातीची पक्की समजूत.

पुढचा रविवार मातृदिनाचा. वीवीची शाळेतली, एकाच बाकावरची मैत्रीण झ्लाता तीन वर्षांपूर्वी आई लेस्याबरोबर युक्रेनहून इथे आली. आईला काहीतरी इथलं करून घालायचं म्हणून पोरगी सकाळीच रानात जाऊन टोपलीभर कोर्वासिएनी वेचून आली. व्हिडिओ बघत एकदाच उकळली आणि सायीत परतली. स्वतः दोनच घास खाल्ले. लेस्याने मात्र लेकीचं कौतुक म्हणून ताट पुसून खाल्लं.

दोन दिवसांनी इस्पितळाच्या बाकावर झ्लाता एकटी बसली होती. लेस्या आत, यकृत सुजलेलं, डोळे पिवळे पडलेले. वीवी झ्लाताजवळ जायला धजेना, म्हणून मी जाऊन बसलो.

"मी तपासलं होतं, आजोबा," झ्लाताच बोलली. "कोण सांगतंय? वीवीचे आजोबा. त्यांना कसं माहीत? ते जन्मभर हेच खात आलेत."

"आणि तिसरा प्रश्न?"

"काय गाळलंय ते मला कसं कळणार? जे दिसलंच नाही ते मी कुठे शोधायचं?"

मला ते दिसलं होतं ना. व्हिडिओ बाहेर पडायच्या आधी, माझ्याच स्वयंपाकघरात.

लेस्या वाचली. पण अंगात ताकद उरली नाही, बेकरीतलं तिचं उभ्याने करायचं काम सुटलं ते सुटलंच. मी माफी मागायला गेलो तेव्हा तिने चहा दिला, बनही ठेवला, आणि म्हणाली, "तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत." याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. झ्लाता आपल्या खोलीतून बाहेर आली नाही. वर्गात ती आता खिडकीजवळच्या बाकावर बसते. वीवी रोज तिच्या शेजारची जागा मोकळी आहे का बघते आणि मागे जाऊन बसते.

लेस्या इस्पितळात असल्याचं कळलं त्याच दिवशी वीवीने व्हिडिओ काढून टाकला होता. पण तोवर तो दहाजणांनी उचलला, कुणी गाणं घातलं, कुणी आणखी छोटा केला. माझा आवाज मात्र सगळ्यांनी ठेवला. लोकांना तो आवडतो म्हणे.

म्हणून या वयात मी वीवीकडून टाइप करायला शिकलो. आता पुन्हा मे आलाय. जिथे तो व्हिडिओ दिसतो तिथे खाली एका बोटाने लिहितो, "हे अर्धवट आहे. दोनदा उकळा, दोन्ही वेळचं पाणी फेका. नाहीतर जीव जाईल."

काल पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर दिलं. वीवीने वाचून दाखवलं.

"काका, उगाच अफवा पसरवू नका. आधी व्हिडिओ नीट बघा. त्यातले आजोबा स्वतः सांगताहेत, बिनधास्त खा म्हणून."