केबिनमधलं ऊन

सर्जेरावांच्या बियाण्याच्या कारखान्यात ऊन होते, पण ते फक्त त्यांच्या केबिनमध्ये.

जालना एमआयडीसीतली ती पत्र्याची इमारत, खिडक्या नावालाच. म्हणून सर्जेरावांनी गेल्या वर्षी हौसेने नवी यंत्रणा बसवली. छपरावर सूर्याबरोबर फिरणारा मोठा आरसा. तो ऊन गोळा करतो, चटका वरच ठेवतो आणि काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून नुसता उजेड खाली सहा दिव्यांत धाडतो. ढग आले की त्याच दिव्यांतली वीज उरलेला उजेड आपोआप भरून काढते. पाहुणा आला की सर्जेराव त्याला हात पुढे करायला लावत. "बघा, ऊन हाय पण चटका न्हाई!" पाहुणा वाहवा करी आणि सर्जेराव दोन इंच उंच होत. सहा दिव्यांपैकी चार त्यांच्या टेबलावर, एक पाहुण्यांच्या सोफ्यावर आणि एक कोपऱ्यातल्या मनीप्लँटवर. का, तर ते बिचारे पिवळे पडत होते!

भिंतीपलीकडे निवडणीच्या हॉलमध्ये बावीस बाया मळकट ट्यूबलाइटांखाली सोयाबीनचे बी निवडत. शंका आली की मूठभर दाणे घेऊन दारात जायचे, उन्हात निरखायचे आणि परत जागेवर यायचे, ही त्यांची जुनी रीत. सर्जेरावांना त्यात फक्त उठबस दिसली. दिवसातून कोण किती वेळा उठते हे त्यांनी आठवडाभर मोजले आणि दार लावून घेतले.

महिनाभरात एका लॉटमध्ये तपासणीत जांभळ्या डागांचे रोगट दाणे निघाले. पोत्यावरच्या चिठ्ठीत नंबर लालबीचा. झाले! दुसऱ्या सकाळी फलकावर कागद: 'निष्काळजीपणामुळे लालबी यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.'

सोळा वर्षे बी निवडणारी लालबी तो कागद वाचून तशीच उभी राहिली. हा शिक्का घेऊन ती एमआयडीसीतल्या दुसऱ्या कुठल्या दारात जाणार? बायांची मुकादम कांताबाई तिला हाताला धरून केबिनमध्ये घेऊन आली.

"नजर गेली तिची, कांताबाई," सर्जेरावांनी आधीच सांगून टाकले. "वय झालं. माझा इलाज न्हाई."

टेबलावर तपासणीतून परत आलेला त्याच लॉटचा नमुना पडला होता. लालबीने तो उन्हाच्या दिव्याखाली पसरला आणि बोटे चालवली. टपटप टपटप, डागी दाणे एकीकडे, चांगले दुसरीकडे. चहा निवायच्या आत ढीग निवडून झाला.

"मालक, डोळे तर हेच हायेत," ती हळूच म्हणाली. "हितं दिसून राह्यलं, तिथं दिसत न्हाई."

"ट्यूब हायेत की तिथं! मी दाखवतो निवडून. चला!"

सर्जेराव ताडताड हॉलमध्ये गेले आणि लालबीच्या जागेवर मांडी घालून बसले. बावीस बाया बघतायत म्हटल्यावर माणूस जितका मन लावून काम करील, तितके त्यांनी केले. डोळे चुरचुरले, पण चांगल्या दाण्यांचे ताट पूर्ण भरले. कांताबाईने ते ताट तसेच केबिनमध्ये नेले; सर्जेराव मागोमाग येऊन खुर्चीत बसले.

उन्हात त्या ताटात जागोजागी जांभळे डाग दिसत होते.

"मालक, तुम्हाला पण कामावरून काढावं लागतंय का?" केबिनच्या दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारले. खसखस पिकली. हसली नाही ती एकटी लालबी, आणि तेच सर्जेरावांना जास्त लागले.

"या आधी ती दारात जाऊन दाणा पारखायची," कांताबाई म्हणाली. "तुम्ही दार लावलं. मंग चूक कुणाची? त्या कुंडीतल्या झाडाला उजेड लागतो हे तुम्हाला बराबर कळलं. पानं पिवळी पडली की दिसतात. आमचे डोळे आतून दुखतात, ते कुणाला दिसणार?"

सर्जेरावांना वर बघवेना. आपल्या टेबलावर चार दिवे, आणि त्या टेबलावर आपण काय निवडतो? पाहुण्यांना दाखवायची कॅटलॉगं! अरेरे! केवढा हा आंधळेपणा!

"चुकलो मी," ते पुटपुटले. "लालबी, तू उद्यापासून ये."

"येते," लालबी म्हणाली. "पण माझं नाव सगळ्यांनी वाचलं, मालक. तुमचं 'चुकलो' फक्त आम्ही ऐकलं."

सर्जेराव उठले. त्यांनी फलकावरचा कागद काढला आणि त्याच जागी स्वतःच्या हाताने लिहिले: 'सदोष लॉटची चूक लालबी यांची नाही. पुरेसा उजेड न देण्याची चूक माझी आहे.' खाली सही केली. त्याच आठवड्यात दार उघडले गेले, आणि सहाही दिव्यांचे तंतू भिंतीपलीकडे निवडणीच्या ताटांवर गेले. केबिनमध्ये ट्यूबलाइट आली. मनीप्लँट दारात ठेवले.

वाचकहो, सर्जेरावांना हसण्याआधी आपल्या घराकडे बघा. झगझगीत दिवा बैठकीत आणि मिणमिणता स्वयंपाकघरात, असे तर नाही ना? ऊन कुणाच्या मालकीचे नसते. ते घरात आणण्याचे साधन मात्र आपल्या हाती असते. म्हणून ते आधी मिरवायच्या जागी नव्हे, राबणाऱ्या हातांवर पडले पाहिजे. आणि दुसऱ्याच्या नजरेला दोष देण्यापूर्वी, एकदा त्याच्या जागेवर बसून बघितले पाहिजे!