लाल केक

"झाकण उघडून बघून घ्या, कोच. मागाहून नाव चुकलं म्हणून परत आणू नका," असं म्हणत डार्लाने खोकं बेकरीच्या काउंटरवरून पुढे सरकवलं.

आर्लनने झाकण उघडलं. लालभडक क्रीम, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ब्रिटा कोस्की' आणि खाली मोठ्या विद्यापीठाचं चिन्ह, अगदी छापल्यासारखं.

"झकास!" तो म्हणाला.

"पोरीनं अजून टोपी उचलली नाही, आणि केक लाल?"

"लालच उचलणार ती. दुसरं काय उचलेल?"

आर्लन टॉरगर्सन एकोणतीस वर्षं या शाळेत पोरांना मोटार चालवायला शिकवत होता आणि शाळा सुटल्यावर त्यांना पळवत होता. मिनेसोटाच्या या टोकाला हॉकी म्हणजे जीव की प्राण. ज्याला बर्फावर धड उभं राहता येत नाही त्याने पळावं, असा गावाचा हिशेब. दर नोव्हेंबरात शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं जायचं. त्यावर बोलावणं आलेल्या कॉलेजांच्या टोप्या ठेवायच्या, खेळाडूने एक उचलून डोक्यावर चढवायची आणि कागदावर सही करायची, की टाळ्या, फोटो, केक. हा मान हॉकीवाल्यांचा. पळणाऱ्यासाठी टेबल आजवर एकदाच मांडलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, याच डार्लासाठी. तेव्हाही टोपी लालच होती, याच विद्यापीठाची. तिथला कोचही तेव्हापासून तोच. आज ब्रिटासाठी लाल आणि हिरवी अशा दोन टोप्या असणार होत्या. हिरवी तळ्याकाठच्या एका लहान कॉलेजची होती, आणि आर्लनने ती केवळ टेबल रिकामं दिसू नये म्हणून मांडली होती. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या या माणसाने केकही पोरीला न विचारताच सांगून टाकला होता.

"तिला सांगितलंत?" डार्लाने विचारलं.

"काय?"

"मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते."

"आता काळ बदललाय, डार्ला."

"दर सोमवारचा वजनकाटा बदललाय का?"

आर्लनने झाकण लावलं. दोरी बांधायला त्याला बराच वेळ लागला. डार्ला वळून भट्टीकडे निघाली तशी त्याने खिडकीबाहेर बघितलं. तिचा डावा पाय चालताना बाहेर फेकला जायचा.

गाडीत बसला खरा, पण डार्लाचा प्रश्न डोक्यातून जाईना. विद्यापीठातल्या पहिल्याच हिवाळ्यात डार्लाने त्याला फोन केला होता. पाळी बंद झालीय, मांडीच्या सांध्यात ठणकतंय, म्हणाली होती. "थोडी कळ काढ, सगळ्यांनाच जड जातं," असं त्याने सांगितलं. पोरगी गुणाची, तिने कळ काढली. मार्चमध्ये भर शर्यतीत तिचं हाड मोडलं.

आणि दोनच आठवड्यांपूर्वी ब्रिटा ते विद्यापीठ बघून आली, त्यानंतर एका स्पर्धेहून परतताना तिने त्याला विचारलं होतं, "कोच, तिथं सोमवारी मुलींना काट्यावर उभं करतात आणि आकडे भिंतीवर लावतात. सगळीकडे असंच असतं?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं होतं, "मोठ्या ठिकाणी असतंच, पोरी." हे खोटं होतं. त्याला एकदा तरी मोठ्या ठिकाणी नाव काढणारी आपली पोरगी हवी होती.

साडेबाराला सही. दुपारी एकपर्यंत कागद आला नाही तर जागा दुसरीला देऊ, असं लाल टोपीवाल्या कोचने कालच बजावलं होतं. आर्लन हॉलमागच्या सामानाच्या खोलीत शिरला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्रिटा गाद्यांच्या ढिगावर बसली होती. मांडीवर उघडा डबा, त्यात अर्धं सफरचंद.

"जेवलीस?"

"हेच जेवण." ती हसली. "आतापासून सवय करतेय."

 आर्लन तिच्यासमोर उलट्या बादलीवर बसला.

"ब्रिटा, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. सगळीकडे असं नसतं. बेकरीतली डार्ला तिथंच होती. काट्यापायी असंच उपाशी राहून तिचं हाड मोडलं. तिनं मला आधी विचारलं होतं, आणि मी तिला पळत राहा म्हणालो."

ब्रिटाने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला आज सांगताय? बाबा बाहेर लाल शर्ट घालून बसलेत, कोच! आजी दोनशे मैलांवरून आलीय!"

"चूक माझी आहे. तू काहीही उचल, पण माहीत असून उचल."

"मला एकटीला राहू द्या."

बाहेर तिचा बाप मार्टी रस्त्यावरचा बर्फ उपसायची पाळी बदलून आला होता. "काय कोच, पोरगी घाबरली का?" म्हणत त्याने आर्लनच्या पाठीवर थाप मारली.  साडेबारा झाले. बारा पस्तीस. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. मग ब्रिटा आली, टेबलामागे बसली आणि दोन्ही टोप्यांकडे बघत राहिली. 

तिने हिरवी उचलली.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना. आधी आजीने वाजवल्या. मार्टीचा चेहरा पडला, पण तो लेकीजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. केक तर लालच होता. हिरव्या टोपीसमोर उभं राहून सगळ्यांनी तो खाल्ला, आणि सगळ्यांच्या जिभा लाल झाल्या. ब्रिटाने दोन तुकडे खाल्ले. "कोच, तुम्ही पण या ना फोटोत," फोटोवाली म्हणाली.

"नको," ब्रिटा म्हणाली. "फक्त घरचे."

चार वाजता आर्लन रिकामं खोकं घेऊन दुकानात गेला. ते परत करायची काही गरज नव्हती.

"कुठली?" डार्लाने विचारलं.

"हिरवी."

तिने हातातली क्रीमची पिशवी खाली ठेवली. "मग तोंड का असं?"

"माझ्याशी बोलत नाहीये."

"बोलेल. मी सहा वर्षं बोलले नव्हते."

"डार्ला, तेव्हा तू फोन केलास ना... मी तुला घरी ये म्हणायला हवं होतं."

 डार्ला एप्रनला हात पुसत राहिली. मागे एक बाई पावासाठी उभी होती.

"गिऱ्हाईक आहे, कोच," ती हळूच म्हणाली. "सरका जरा."

तो बाजूला झाला. पाव देऊन डार्ला रिकामं खोकं उचलून आत निघाली, डावा पाय बाहेर फेकत, एका हाताने भिंतीचा आधार घेत. इतकी वर्षं तो नेमका तेवढाच वेळ दुसरीकडे बघायचा. आज ती भट्टीपर्यंत पोचेतो तो तिच्याकडे बघत उभा राहिला.